पहिल्या नंबरची अट

गावोगावच्या शेतात पेरलेल्या वाणांना नंबर लावणं हा माझा धंदा होता. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या चाचणी विभागात मी तीसेक वर्षं काढली. कपाशी, बाजरी, मका, ज्वारी, कंपनीने जे काही नवं काढलं ते आधी आमच्या हातून जायचं. आम्ही ते जिल्ह्यातल्या निरनिराळ्या गावांत पेरायचो, बघायचो, मोजायचो आणि हंगामाच्या शेवटी क्रम लावायचो, की हे पहिलं, हे दुसरं आणि हे पुन्हा दाखवू नका. निवृत्तीच्या समारंभात एकजण भाषणात म्हणाला, साहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे नंबर लावले, स्वतःचा मात्र कधी लावला नाही. टाळ्या पडल्या. त्या वाक्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, पण तेव्हा मीही टाळी वाजवली होती.

निवृत्तीनंतर कुणी माझ्याकडे नंबर विचारायला येईल असं वाटलं नव्हतं. आणि आलं तेही बियाण्याचा नाही, कॉलेजचा नंबर विचारायला आलं. ती हकिगत सांगायची, तर आधी आमचं काम थोडं समजावून सांगायला हवं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय अवघड आहे? पेरा, काढा, वजन करा. पण शेत म्हणजे घरातली फरशी नव्हे. एका कोपऱ्यात जुना उकिरडा असतो, दुसरीकडे पाणी साचतं, बांधावर बाभूळ असते आणि तिच्या सावलीत काही म्हणजे काही येत नाही. ज्या वाणाच्या वाट्याला उकिरडा आला ते पहिलं आणि ज्याच्या वाट्याला बाभूळ आली ते शेवटचं, असा निकाल लावायला कृषी पदवीधर कशाला लागतो? म्हणून आम्ही प्रत्येक वाण शेतात चार ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून पेरायचो आणि सरासरी काढायचो. वाफ्याच्या पाटीवर वाणाचं नाव नसायचं, नुसता आकडा असायचा. नाव दिसलं की डोळे नावाप्रमाणे बघायला लागतात. मी स्वतः आमच्या कंपनीच्या वाणाकडे सख्ख्या लेकराकडे बघावं तसा बघायचो, म्हणून तर तो नियम मी कधी मोडू दिला नाही.

पीक भरात आलं की शिवारफेरी व्हायची. आसपासचे शेतकरी बोलवायचे, त्यांना वाफ्यांमधून फिरवायचं आणि आवडलेल्या वाफ्याच्या पाटीला प्रत्येकाने एक रंगीत फीत बांधायची. मंडप, चहा, भजी, कंपनीची टोपी. टोपीसाठी येणारेही पुष्कळ असत. पण फिती बांधताना होणारी भांडणं ऐकण्यासारखी असायची, आणि माझं अर्धं शिक्षण त्या भांडणांतच झालं.

त्यातलं एक कुंभार पिंपळगावचं. तिथल्या आठवडी बाजाराच्या रस्त्यावर एका बियाणे दुकानदाराची भिंत होती. तिच्यावर दर साली नव्या कंपनीचं वाण ‘जिल्ह्यात नंबर एक’ म्हणून रंगवलं जायचं, आणि जुनं पुसायचा कंटाळा असल्यामुळे एका भिंतीवर एका वेळी तीन-तीन नंबर एक नांदत असत. मी एकदा त्याला विचारलं, गिऱ्हाइकाने यातलं कोणतं खरं मानायचं? तो म्हणाला, “साहेब, ज्याचा रंग ताजा हाये ते.”

त्याच गावात आमची कपाशीची चाचणी होती. आमच्या कंपनीचं वाण तोवरच्या उताऱ्यात, म्हणजे एकरी निघालेल्या कापसात, पहिलं येत होतं आणि मार्केटिंगचे साहेब मुद्दाम गाडी करून शिवारफेरीला आले होते. पुरुषांच्या फिती त्याच पाटीला पडत होत्या. बांधाशी वेचणीच्या बायका बसल्या होत्या. त्यांना कुणी फिती दिल्या नव्हत्या. त्यांच्यात एक कौसाबाई होती. सगळ्या टोळीची वेचणी ती ठरवायची. मी सहज चारदोन फिती तिच्या हातात दिल्या. ती उठली, पहिल्या नंबराच्या वाफ्यावरून सरळ पुढे गेली आणि भलत्याच पाटीला फीत बांधून आली. मागोमाग बाकीच्या बायकांनीही तिथंच बांधल्या.

मार्केटिंगचे साहेब हसून म्हणाले, “बाई, उतारा तिकडे जास्त आहे.”

“असंल,” कौसाबाई म्हणाली. “पर त्याचं बोंड पुरं उलत न्हाई. वाळल्या पाकळीची टोकं बोटात घुसत्यात. आमी दिवसभर वेचून राह्यलो, रात्री भाकर थापता येत न्हाई. त्या वाफ्याला एका हातानं कापूस सुटतोय. तुमचा पहिला नंबर तुमी येचा.”

साहेबांनी टोपी दिली. ती तिने घेतली, आणि मत काही बदललं नाही. पुढे त्या पहिल्या नंबराच्या वाणाला मजूर मिळेनात, म्हणून ते फार चाललं नाही. आम्ही उतारा मोजला होता, बोटं मोजली नव्हती. जे मोजाल त्याचा नंबर लागतो आणि जे मोजत नाही त्याला नंबरच नसतो, ही गोष्ट पुस्तकात मीही वाचली होती. तिची किंमत मला त्या बांधावर कळली.

दुसरी गोष्ट केदारखेड्याची, आणि पुढची सगळी हकिगत त्याच गावाची आहे.

केदारखेड्यात लिंबाजी आबांच्या शेतात आमची चाचणी वर्षानुवर्षं असायची. आबा म्हणजे चाळीस एकरांचे मालक, बोलायला फटकळ, शब्दाला पक्के. आमच्या वाफ्यांची राखण ते स्वतःच्या पिकापेक्षा जास्त करायचे. माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास, की मी सांगितल्याशिवाय ते बियाण्याची पिशवी फोडत नसत. त्यांना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलेली होती: “आबा, वाणाचा नंबर घसरला की मोह सोडायचा. काहीतरी बिघडलेलं असतं.” बियाण्याच्या बाबतीत हे बरोबरच आहे. शुद्धता जाते, रोग वाणाला ओळखायला लागतो, आणि शेतकरी जुन्या मायेने तेच पेरत बसतो. आबांनी माझं ऐकलं आणि त्यांचं त्यात भलंच झालं.

तर एका हंगामात बाजरीच्या चाचणीत आम्ही एक खोडी केली. एकाच पोत्यातलं बी दोन वेगळ्या आकड्यांखाली पेरलं. हा खेळ नव्हता, कामाचाच भाग होता. आपलं मोजमाप किती डळमळतं हे बघायचा तो एक मार्ग आहे, आणि ऑफिसात आम्ही त्याला ‘जुळं’ म्हणायचो. निकाल आला तेव्हा जुळ्यातलं एक तिसऱ्या नंबरावर होतं आणि दुसरं नवव्या. एकच आई, एकच पोतं. मधल्या सहा नंबरांत कुठे मुरूम लागला होता, कुठे पाखरं बसली होती, एवढाच काय तो फरक. त्या दिवसापासून आमच्या अहवालात वरच्या पाच-सहा वाणांना एकाच कंसात घालून मी ‘बरोबरीचे’ असं लिहायला लागलो. मार्केटिंगवाले तो कंस काढून टाकत आणि आपल्याला हवा तो पहिला काढत. भिंतीवर कंस रंगवता येत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

आता कॉलेजचं.

मागच्या साली जूनमध्ये आबांचा मुलगा सुदाम आपल्या मुलीला घेऊन माझ्या घरी आला. सुदाम जालन्यातच राहतो, एमआयडीसीतल्या एका लोखंडी सळ्यांच्या मिलमध्ये सुपरवायझर आहे. मुलगी ऋतुजा, नुकतीच बारावी झालेली आणि सुट्टीत केदारखेड्याला आबांकडे राहिलेली. लहानपणी ती आमच्या वाफ्यांतल्या पाट्या उपटून भातुकली मांडायची, म्हणून मी तिला दोनदा रागावलोही होतो. आता ती समोरच्या खुर्चीत ताठ बसली होती.

सुदाम म्हणाला, “साहेब, आबांना तुम्हीच समजावू शकता. कारण तुमच्याच बोलण्यावर अडून बसले.”

झालं होतं ते असं. ऋतुजाला भूशास्त्र शिकायचं होतं. आबांच्या मळ्यात पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन फिरायचा आणि नारळ जिथं उभा राहील तिथं बोअर घ्यायचे. कधी पाणी लागायचं, कधी धुरळा. ही पोरगी पाणाड्याच्या मागे मागे फिरून विचारायची, खाली काय आहे ते नारळाला कसं कळतं? पाणाड्या म्हणायचा, पोरीच्या जातीने असं विचारू नये. तेव्हापासून हिने ठरवलं, की खाली काय आहे ते आपण बघायचं. अकरावीत तिने घरी सांगितलं, की असं शिकवणारी एक मोठी विज्ञानसंस्था दक्षिणेत आहे, परीक्षा देऊन तिथं जायचं. आबांना ते पटलं नाही. इतक्या लांब, एकटी पोर. पण ती हटेना, तेव्हा आबांनी अट घातली: “देशात पहिल्या नंबरचं कॉलेज असंल तर धाडतो. न्हाईतर इथंच जालन्यात शिक, घरून जा, घरला ये.”

ती संस्था त्या साली वर्तमानपत्रातल्या यादीत पहिली होती. ऋतुजाने दोन वर्षं मान वर न करता अभ्यास केला आणि तिला प्रवेश मिळाला. गावात पेढे वाटले. आणि मग नवी यादी छापून आली. संस्था चौथ्या नंबरावर.

“हॉटेलात कुणीतरी आबांना पेपर वाचून दाखवला,” सुदाम म्हणाला. “आबा घरी आले आन् म्हणले, नंबर घसरला म्हंजी काहीतरी बिघडलंय. साहेब सांगत आले ते खरं हाये, मोह सोडायचा. जायचं न्हाई.”

मला पहिल्यांदा हसू आलं आणि लगेच ते गिळावं लागलं. कारण ऋतुजा हसत नव्हती. “सर, शनिवारच्या आत जागा पक्की करायची आहे,” ती म्हणाली. “नाही केली तर ती दुसऱ्याला जाईल.”

मी तिला विचारलं, दोन वर्षांत त्या संस्थेत काय बदललं? तिने सगळं बघून ठेवलं होतं. भूशास्त्राचे प्राध्यापक तेच, प्रयोगशाळा तीच, उलट एक नवी झाली होती. मग आम्ही दोघांनी तिच्या मोबाइलवर ती यादी कशी करतात ते वाचायला घेतलं. माझ्या जुन्या धंद्याचंच ते. इतके गुण संशोधनाचे, इतके प्राध्यापकांच्या संख्येचे, इतके बाहेरच्या लोकांच्या मताचे. बाहेरच्यांचं मत म्हणजे काय, तर इतर कॉलेजांतल्या आणि कंपन्यांतल्या लोकांना विचारायचं, की तुमच्या मते चांगलं कोण? आणि ते लोक मागच्या सालची यादी वाचूनच उत्तर देणार. मला कुंभार पिंपळगावची भिंत दिसायला लागली. त्यातून कोणत्या गोष्टीला किती गुण हे ठरवणारी माणसं दर साली ते थोडं हलवतात. आमच्याकडे कडब्याला किती गुण द्यायचे यावर मीटिंगांत खुर्च्या सरकायच्या. कडब्याचे गुण वाढवले की उंच ज्वारी वर, कमी केले की बुटकी वर. ज्वारी बिचारी होती तिथंच असायची. आणि पहिल्या चार संस्थांच्या गुणांत अंतर किती? आमच्या जुळ्यात होतं त्याहूनही कमी.

मी हे सगळं तावातावाने सुदामला सांगितलं. देशातल्या सर्वांत चांगल्या संस्थांना एकमेकींसमोर उभं करून पहिली-दुसरी ठरवणं हा कसा पोरखेळ आहे, ते पटवून दिलं. माझ्या हातात असतं तर वरच्या दहा-पंधरा संस्था एका कंसात घालून खाली सही केली असती, असंही म्हणालो.

सुदाम ऐकून घेऊन म्हणाला, “साहेब, एक बोलू का? तुम्हाला हे म्हणणं परवडतं. तुमचा भाचा असल्याच एका संस्थेत शिकला, तुमच्या शेजारणीची सून तिथं शिकवते. तुम्ही फोन उचलायचा आन् विचारायचं, कसं हाये? आमचं तिथं कोण हाये? आम्हाला त्या कॉलेजची ओळख नंबरानंच झाली. नंबर नसता तर आमच्या पोरीला हे नाव तरी माहीत झालं असतं का?”

त्याचं म्हणणं खरं होतं. ज्याची कुठेच ओळख नाही त्याला नंबर हा एकच ओळखीचा माणूस असतो. नंबर काढून टाका म्हणणारे बहुतेक आतल्या वर्तुळातले असतात, आणि त्या दिवशी मीही त्यांच्यातला निघालो याचं वाईट वाटलं. पण मी त्याला एवढं म्हणालो, “सुदाम, नंबराने तुला दारापर्यंत आणलं, चांगलं केलं. आता दार उघडलंय, तर परत जा असं त्यानेच का सांगावं?”

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघे केदारखेड्याला गेलो.

आबा ओसरीवर बसले होते. मला बघून म्हणाले, “या साहेब. कॉलेजाला नंबर लावाया आले का?”

मी थेट मुद्द्यावर आलो. म्हणालो, “आबा, एका सालच्या घसरलेल्या नंबरावर मी कधी वाण सोडलंय का? तीन हंगाम बघायचो, मग बोलायचो.”

“मंग आपण बी तीन हंगाम बघू,” आबा म्हणाले. “पोरगी थांबंल की.”

पहिलाच डाव असा उलटला. मग मी कडब्याचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं. आबा मान हलवत होते, पण ती मान पाहुण्याच्या मानासाठी हलत होती. शेवटी मी ठेवणीतलं काढलं. म्हणालो, “आबा, बाजरीच्या त्या शिवारफेरीत तुम्ही एका वाफ्याला फीत बांधली आणि दुसऱ्या एका वाफ्याकडे बोट करून म्हणालात, हे असलं बी कंपनीनं आणूच नये. आठवतं? ते दोन्ही वाफे एकाच पोत्यातले होते. आमच्या यादीत एक तिसरं आलं, एक नववं.”

मला वाटलं, आता आबा हसतील. आबांचा चेहरा उतरला.

“समद्या गावासमोर मी एकाच बियाला एकदा चांगलं म्हणलो आन् एकदा रद्दी म्हणलो,” ते म्हणाले. “आन् तुम्ही बाजूला हुबे राहून मुंडी हालवून राह्यले. तवाच सांगायला काय झाल्तं?”

“चाचणीतलं बाहेर सांगायचं नाही, असा कंपनीचा नियम होता आबा.”

“मंग इतके साल तुमचे नंबर म्हणून मी बी पेरलं, ते समदं खोटं?”

“खोटं नाही. जे वाण आम्ही टाकून दिलं ते टाकण्यासारखंच होतं. चांगलं आणि वाईट यातला फरक नंबर बरोबर दाखवतो. पण चांगल्यांतल्या चांगल्यांत जो क्रम लावतो, तो उन्नीस-बीस असतो. त्याच्यावर भरवसा ठेवू नये.”

आबा उठून ओसरीच्या कडेला गेले आणि पाठमोरेच बोलले. “हे तुम्ही मला सांगितलं, मला पटलं. आता पारावर चला आन् तिथं सांगा. तुम्ही संध्याकाळी जालन्याला जाल, मला हितंच बसायचं हाये. पोरगी कुठं धाडली? एवढ्या लांब कामून धाडली? हितं कॉलेजं न्हाईत का? रोज इचारतील. पहिला नंबर म्हणलं की तोंडं बंद होत्यात. चौथा म्हणलं की मंग बोलत बसा दिवसभर.”

मग कुठे मला समजलं, की आबांना संस्थेच्या दर्जाशी फारसं देणंघेणं नव्हतंच. पोर लांब जाणार या भीतीवर त्यांना एक पांघरूण हवं होतं, आणि पहिला नंबर हे त्यांना सापडलेलं एकमेव पांघरूण होतं. त्याच्यावर माझ्याकडे काही इलाज नव्हता. कंस, सरासरी, जुळं यातलं काहीच पारावर चालणारं नव्हतं. मी पाण्याचा तांब्या उचलला.

तेव्हा ऋतुजा पुढे आली. इतका वेळ ती दारात उभी होती.

“आबा, बैलबाजाराचं सांगा ना सरांना,” ती म्हणाली.

“कोणतं?”

“तुम्ही रुमालाखाली हात घालून बैलजोडी ठरवली, आन् घरी आणली त्याच आठवड्यात बाजार पडला. आजी म्हणली, परत नेऊन द्या, सौदा मोडा. तुम्ही काय म्हणले?”

आबा पाठमोरेच राहिले. सुदामच म्हणाला, “म्हणले, रुमालाखाली बोटं दाबली म्हंजी शब्द दिला. पडला तो बाजार पडला, शब्द न्हाई पडत.”

“मंग मला पण शब्द दिल्ता,” ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “तवा ते कॉलेज पहिलं होतं. तुम्ही म्हणले, तिथं लाग, धाडतो. मी लागले. आता घसरलं असंल तर ते कॉलेज घसरलं, मी न्हाई घसरले. सरांचं गणित खरं का खोटं, ते राहू द्या. तुमचा सौदा झालाय आबा. मोडायचा असंल तर तुम्हीच मोडा, मी मोडणार न्हाई. मी बॅग भरून ठेवली हाये.”

आबा वळले. “कवा भरली?”

“पेपरात यादी आली त्याच दिवशी.”

“म्हंजी मी न्हाई म्हणलो त्याच दिवशी?”

“व्हय. तुम्ही घरातून शेतात गेल्ते तवा.”

आबांनी तिच्याकडे बघितलं, सुदामकडे बघितलं, माझ्याकडे काही बघितलं नाही. मग खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं, आणि ते जरा जास्तच वेळ पुसत राहिले.

“सुदाम,” ते म्हणाले, “जागा पक्की कर. आन् तिकिटं काढ. माझं बी काढ. मी येतो सोडाया.”

परत येताना मी सुदामला म्हणालो, “तीस वर्षांचं शास्त्र घेऊन गेलो आणि काम झालं ते बैलबाजारावर.” मला आनंद झाला होता आणि थोडं लागलंही होतं. सुदाम म्हणाला, “तसं न्हाई साहेब. तुम्ही नसते आले तर आबा एवढे चिडले नसते. आन् चिडले नसते तर पोटातलं बोलले नसते.” त्याचा मला आधार वाटला, म्हणून मी तो अजून धरून आहे.

ऋतुजा गेली. पहिली सहामाही तिला जड गेली, इंग्रजीतून प्रश्न विचारायची लाज वाटायची. दिवाळीत भेटली तेव्हा म्हणाली, “आता विचारते सर. चुकलं तरी विचारते.” उन्हाळ्यात तिच्या वर्गाला खडक बघायला डोंगरात नेलं होतं. तिने मला एका दगडाचा फोटो पाठवला आणि खाली लांबलचक समजावून लिहिलं. मला त्यातलं निम्मं कळलं.

आणि या साली पुन्हा यादी आली. संस्था पहिल्या नंबरावर.

त्याच दिवशी दुपारी आबांचा फोन आला. मला वाटलं, आता आबा ऐकवणार. मी तयारीने फोन उचलला.

“साहेब, नंबर वर आला म्हणे.”

“हो आबा, वाचलं.”

“मी पोरीला फोन लावला. इचारलं, माय, तिथं काही नवं झालं का? साल बदललं, मास्तर बदलले का? ती म्हणली, न्हाई आबा, समदं तेच हाये. मेसमधली डाळ सुदिक तीच.” मग त्यांनी विचारलं, “मंग वर कामून आला असंल?”

“कुणीतरी मोजायचं माप हलवलं असेल.”

“तसंच असंल,” आबा म्हणाले. “हितं पोरं फ्लेक्स लावाया निघाले होते. देशातल्या पहिल्या नंबरच्या संस्थेत शिकणारी आपल्या गावची लेक, असं मोठ्या अक्षरात. तिचा फोटू, माझा बी फोटू. छापायच्या आधी मला दाखवाया आले. मी म्हणलो, नंबर काढा.”

“का हो? आता तर पहिला आहे.”

“असंल. पुढच्या साली नसंल, मंग काय फ्लेक्स उतरवायचा का? काढायला लावला. माझा फोटू बी काढायला लावला. नुसतं तिचं नाव ठिवलं, आन् खाली केदारखेडा.”

“कुठं शिकते, काय शिकते, तेही नाही?”

“न्हाई. ज्याला पायजे तो येऊन इचारंल की,” आबा म्हणाले. “सकाळपून मी हितं पारावरच बसलोय.”